उत्तरेचा रस्ता आणि त्याच्या पाट्या

प्रवासवर्णन ह्या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा प्रवाशाकडे पाहते. रस्त्याकडे पाहत नाही. प्रवाशाची दृष्टी किती सूक्ष्म, त्याची भाषा किती चित्रदर्शी, त्याचा स्वभाव किती मिश्किल, ह्याची चर्चा होते. परंतु तो ज्या वाटेने गेला ती वाट कोणी, केव्हा व कशासाठी घातली, हा प्रश्न भूगोलाचा किंवा फार तर इतिहासाचा म्हणून बाजूला सारला जातो. वस्तुतः रस्ता हा स्वतःच एक लेख असतो. कोठे थांबावे, काय पाहावे, कोणत्या डोंगराला कोणते नाव द्यावे, हे तो आधीच सांगून ठेवतो. प्रवासी पुष्कळदा हा लेख वाचतो आणि आपण प्रदेश पाहिला असे समजतो.

ह्या दृष्टीने उत्तर अमेरिकेतील अलास्का महामार्गाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डॉसन क्रीक ह्या गावी तो सुरू होतो, युकॉन प्रदेश ओलांडतो आणि अमेरिकेच्या अलास्का राज्यात डेल्टा जंक्शन येथे संपतो. आजची त्याची लांबी २,२०० किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. ह्या मार्गाने गेलेल्या प्रवाशांच्या लेखनात दोन सूर नेहमी ऐकू येतात. एक भव्यतेचा : स्प्रूस वृक्षांची काळपट हिरवी राने, त्यांतून अकस्मात उघडणारी सरोवरे, हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या, रस्त्याच्या कडेला क्षार चाटावयास आलेले रानमेंढे, आणि तासन्‌तास माणसाचा मागमूस नसणे. दुसरा सूर विनोदाचा : कोठे छतभर टोप्या ठोकलेले भोजनगृह, कोठे जगातल्या गावांच्या पाट्यांचे उभारलेले रान, कोठे रस्त्याच्या लांबीशी न जुळणारे मैलांचे आकडे. हे दोन सूर परस्परांशी संबंध नसल्यासारखे लिहिले जातात. जणू निसर्गाच्या गंभीर काव्यात प्रवाशाने मध्येच थोडी करमणूक करून घेतली. मला असे वाटते की, ते ‘निर्मनुष्य अरण्य’ आणि ह्या गमती ही दोन्ही एकाच घटनेची अपत्ये आहेत. आणि ती घटना १९४२ सालची आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्काकडे जाणारा सागरी मार्ग धोक्यात आला, आणि मुख्य अमेरिकेतून तेथवर जाणारा खुष्कीचा रस्ता तर नव्हताच. अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये रस्त्यास मान्यता दिली, कॅनडाने मार्चमध्ये संमती दिली, आणि त्याच महिन्यात सैन्याच्या अभियांत्रिकी पलटणी कामास लागल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस दोन्ही बाजूंनी येणाऱ्या तुकड्या बीव्हर क्रीकपाशी एकमेकींस भेटल्या आणि २० नोव्हेंबर रोजी क्लुआनी सरोवराच्या काठी उद्‌घाटनाचा समारंभ झाला. आठ महिन्यांत एवढा लांब मार्ग! मात्र तो कोणत्या रेषेने गेला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सृष्टिसौंदर्य, व्यापार, वस्ती ह्यांपैकी कशाचाही विचार ती रेषा ठरविताना झाला नाही. फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स अशी विमानतळांची एक साखळी आधीच तयार होत होती. तिला तेल व सामान पोहोचविण्यासाठी रस्ता हवा होता. ह्याच साखळीवरून पुढे अमेरिकेने रशियास सुमारे आठ हजार विमाने पोहोचविली. म्हणजे आजचा प्रवासी जी दृश्ये ओळीने पाहत जातो, त्यांची ओळ वैमानिकांच्या सोयीने लागलेली आहे.

भूमीने ह्या घाईला सहजी दाद दिली नाही. उत्तरेत पृष्ठभागाखालची जमीन बारमाही गोठलेली असते. तिच्यावर शेवाळाचा जाड थर असतो आणि तो थरच तिचे उन्हापासून रक्षण करतो. सैनिकांनी यंत्रांनी तो थर खरवडून काढला, तेव्हा खालचे बर्फ वितळले व रस्त्याचा चिखल झाला. यंत्रेच्या यंत्रे त्यात रुतली. अखेर झाडे तोडून त्यांचे ओंडके आडवे शेजारी शेजारी अंथरावयाचे, शेवाळ जागच्या जागी राखावयाचे आणि वर मातीखडीचा भर घालावयाचा, ही युक्ती सापडली. थंडीविषयी एकच आकडा पुरे : रस्त्यापासून फार दूर नसलेल्या स्नॅग येथील विमानतळावर ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ अंश सेल्सिअसच्या जवळपास तपमान नोंदले गेले. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील नीचांकी नोंद ती हीच.

हा रस्ता ज्यांनी बांधला त्या दहा हजारांहून अधिक सैनिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. ९३, ९५ व ९७ ह्या क्रमांकांच्या पलटणी त्यांच्या. अमेरिकी सैन्यात त्या वेळी वर्णभेद होता. तो दूर करण्याचा आदेश अध्यक्ष ट्रुमन ह्यांनी १९४८ मध्ये काढला. अलास्काचे सेनापती सायमन बकनर ह्यांनी तर कृष्णवर्णीय सैनिक येथे पाठविण्यासच हरकत घेतली होती. ते येथेच राहतील व स्थानिकांशी त्यांचा संकर होईल, अशी त्यांची भीती होती. म्हणून त्यांना वस्तीपासून दूर ठेवण्यात आले, आणि पुष्कळदा चांगली यंत्रे गोऱ्या पलटणींच्या वाट्यास गेली. ९५ व्या पलटणीने सिकॅनी चीफ नदीवरील लाकडी पूल चार दिवसांच्या आत उभा केला. त्यासाठी त्या सैनिकांनी आपला पगार पणास लावला होता असे सांगतात. बीव्हर क्रीकपाशी ज्या दोन यंत्रचालकांची भेट झाली त्यांपैकी रिफाइन्स सिम्स हा फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय होता, तर आल्फ्रेड यालुफ्का हा टेक्सासचा गोरा. ह्या भेटीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. पलटणींचा इतिहास मात्र चार-पाच दशके जवळजवळ अंधारात राहिला.

आता त्या अरण्याविषयी. इंग्रजीतील ‘विल्डरनेस’ ह्या शब्दाला आपल्याकडे नेमका पर्याय नाही. ‘अरण्य’ हा शब्द जवळचा. त्याच्या मुळाशी ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा, हा अर्थ आहे. गावाच्या सीमेपलीकडचे ते अरण्य. परंतु सीमा कोणाच्या गावाची, हे ठरल्यावाचून ह्या शब्दाला अर्थ येत नाही. सैनिकांच्या दृष्टीने ओहायो किंवा टेक्सास हे गाव आणि युकॉन हे अरण्य. कास्का, ट्लिंगिट, टॅगिश, दक्षिण टुचोनी ह्या लोकांच्या दृष्टीने तेच युकॉन हे घर होते. तेथे मासेमारीच्या जागा, शिकारीच्या वाटा, व्यापाराच्या वाटा आणि प्रत्येक वळणाची नावे होती. भूमापन करणाऱ्यांना अनेक ठिकाणी स्थानिक वाटाड्यांनीच वाट दाखविली. रस्ता झाला आणि त्या वाटाड्यांची वाट अरण्यात जमा झाली.

डॉसन क्रीकच्या भर चौकात शून्य मैलाचा खांब आहे. प्रत्येक प्रवासी त्याच्याजवळ उभा राहून छायाचित्र काढतो. ह्या शून्यापासून मोजलेले मैल हीच पुढे त्या रस्त्याची भाषा झाली. ज्या मुलखात गावे विरळ, तेथे माणसे व खानावळी मैलाच्या आकड्यानेच ओळखली जाऊ लागली. अमक्या मैलावरचा गॅरेजवाला, तमक्या मैलावरचे भोजनगृह. मार्ग १९४८ मध्ये सर्वसामान्यांस खुला झाला, आणि १९४९ पासून ‘द माइलपोस्ट’ ही मार्गदर्शिका निघू लागली. तिच्यात मैलाच्या क्रमाने पूल, ओढे, पेट्रोलच्या जागा, उतरण्याची ठिकाणे नोंदलेली असतात. ह्या रस्त्याचा आद्य ग्रंथ कोणता असे विचारल्यास मी एखाद्या ललित प्रवासवर्णनापूर्वी ह्या कोरड्या पुस्तकाचे नाव घेईन. कारण पुढच्या बहुतेक वर्णनांचा क्रम तिने ठरविला आहे.

पुढे रस्त्याची वळणे सरळ केली गेली आणि लांबी पस्तीसएक मैलांनी घटली. १९७० च्या दशकात कॅनडाने मैल सोडून किलोमीटर घेतले. तरी जुने आकडे गेले नाहीत. ‘ऐतिहासिक मैल’ असा शब्द निघाला, आणि १९९२ मध्ये मार्गाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी अनेक ठिकाणी ते आकडे पाट्यांवर पुन्हा कोरले गेले. डेल्टा जंक्शनचा ऐतिहासिक मैल १,४२२. गाडीतला मापक तेथे १,३९० च्या अलीकडेच थांबतो. प्रवासी ह्या विसंगतीला हसतात. मला तिच्यात परंपरा कशी जन्मते ह्याचा उत्तम नमुना दिसतो : मोजमाप म्हणून सुरू झालेली गोष्ट मोजमाप म्हणून खोटी ठरल्यावर नाव म्हणून खरी झाली. आपल्याकडचे कोसही अशाच रीतीने म्हणींत जिवंत राहिले आहेत.

फोर्ट नेल्सन मागे पडल्यावर डोंगर जवळ येतात. टोड रिव्हर येथील भोजनगृहाच्या छताला प्रवाशांनी ठेवून दिलेल्या हजारो टोप्या लटकत आहेत. मंचो सरोवराचे पाणी हिरवेनिळे आहे. ‘मंचो’ म्हणजे कास्का भाषेत मोठे पाणी. पाट्यांवर टिकून राहिलेल्या थोड्या मूळ नावांपैकी हे एक. त्यानंतर लिआर्ड नदीकाठचे उष्णोदकाचे झरे येतात. ह्या झऱ्यांच्या उबेत इतक्या उत्तरेला न शोभणारी नेचे व ऑर्किडे वाढतात, आणि एवढ्या आधारावर १९२० च्या सुमारास वृत्तपत्रांनी हिमप्रदेशात दडलेल्या ‘उष्ण कटिबंधाच्या दरी’ची दंतकथा रंगविली होती. १९४२ मध्ये सैनिक आले. त्यांनी चिखलावरून फळ्यांची वाट घातली व स्नानाची सोय केली. रस्त्याने दंतकथा पुसली आणि तिच्या जागी स्नानगृह ठेवले. १९५७ मध्ये येथे प्रांतिक उद्यान झाले.

युकॉनच्या सीमेवर वॉटसन लेक आहे. १९४२ मध्ये इलिनॉय राज्यातील डॅनव्हिल गावचा कार्ल लिंडली नावाचा एक सैनिक येथे जखमी होऊन हलक्या कामावर होता. दिशा दाखविणारा एक खांब दुरुस्त करावयाचे त्याला सांगण्यात आले. त्याने तो दुरुस्त केला, आणि त्यावर आपल्या गावाचे नाव, दिशा व अंतर लिहिलेली एक पाटी जास्तीची ठोकली. इतर सैनिकांनी त्याचे अनुकरण केले. युद्ध संपले, सैनिक गेले, प्रवासी येऊ लागले. पाट्यांची भर थांबली नाही. आज तेथे ऐंशी हजारांहून अधिक पाट्या खांबाखांबांवर ठोकलेल्या आहेत. काही घरी रंगवून आणलेल्या, काही मोटारींच्या क्रमांकाच्या, आणि काही तर आपल्या गावच्या वेशीवरूनच उचलून आणल्या असाव्यात अशा. लिंडली स्वतः १९९२ मध्ये पत्नीसह तेथे पुन्हा गेला होता.

ह्या ‘पाट्यांच्या रानाला’ प्रवासवर्णने विक्षिप्त करमणूक मानतात. पाटीचे काम येथल्या माणसाला तेथे कसे जावे हे सांगण्याचे. ह्या पाट्या मात्र वाट दाखवीत नाहीत. त्या केवळ अंतर सांगतात, आणि अंतर म्हणजे येथे विरह. आपल्या सीमा रस्ते संघटनेने, १९६० मध्ये स्थापन झाल्यापासून, लडाखच्या घाटांत जे रस्ते बांधले त्यांच्या कडेलाही विनोदी पाट्या आहेत. परंतु त्या चालकाशी बोलतात, सावधगिरी शिकवितात. वॉटसन लेकच्या पाट्या समोरच्या माणसाशी बोलतच नाहीत. त्यांचे बोलणे दूरच्या गावाशी आहे. मेघदूताच्या देशातील वाचकास ही भूमिका अपरिचित वाटू नये. परंतु यक्षाने निदान वाटेतल्या नद्यांची व पर्वतांची नावे तरी घेतली. ह्या ऐंशी हजारांत ज्यांच्या भूमीवर हे खांब रोवले गेले त्या कास्का लोकांच्या जागांची नावे शोधावी लागतील. प्रत्येक पाटी म्हणते, ‘मी येथली नाही’. आणि इतक्या पाट्यांनी एकवटून तसे म्हटल्यावर ‘येथे’ कोणीच नव्हते, असा समज होतो.

होते कोण व त्यांचे काय झाले, हे पुढच्या टेस्लिन ह्या ट्लिंगिट गावाच्या इतिहासावरून कळते. रस्त्याबरोबर रोग आले. गोवर, इन्फ्लुएन्झा, आमांश, कावीळ, डांग्या खोकला, गालगुंड अशा साथी १९४२ - ४३ मध्ये एकामागून एक ह्या लहानशा वस्तीवर आल्या. एक संपते न संपते तोच दुसरी. तेथे गेलेल्या मार्चंड नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची नोंद प्रसिद्ध केली, म्हणून त्या लेखी इतिहासात तरी राहिल्या.

टेस्लिनच्या पुढे जेक्स कॉर्नरपाशी एक फाटा दक्षिणेला टॅगिश व कारक्रॉसकडे जातो. ह्या भागात अँजेला सिडनी (१९०२ - १९९१) नावाची कथनकार राहत असे. टॅगिश भाषा बोलणाऱ्या अखेरच्या पिढीतील ती एक. तिने टॅगिश प्रदेशातील स्थळनामांचा संग्रह सिद्ध करविला. ज्यूली क्रुइकशँक ह्या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने तिच्या, किटी स्मिथ व अ‍ॅनी नेड ह्यांच्या आत्मकथा त्यांच्याच शब्दांत ‘लाइफ लिव्हड लाइक अ स्टोरी’ ह्या ग्रंथात १९९० मध्ये प्रसिद्ध केल्या. तिचा एक मुलगा त्याच महायुद्धात परदेशी लढावयास गेला होता. तो सुखरूप परतला तेव्हा तिने भोजन दिले आणि काखाच्गूक ह्या ट्लिंगिट पुरुषाचे गाणे त्याला भेट म्हणून गायिले.

काखाच्गूक हा समुद्रावर शिकारीला गेलेला व वादळाने एका दूरच्या बेटावर नेऊन टाकलेला माणूस. घर कोणत्या दिशेला, हे त्याला कळेना. तेव्हा त्याने सूर्य कोठे उगवतो व कोठवर सरकतो ह्याची खूण म्हणून काठ्या रोवल्या. दिवस लांबत जाऊन सूर्य वळतो तो क्षण त्या काठ्यांवरून हेरला, आणि त्या आधारे नाव हाकीत तो घरी पोहोचला. ही कथा व गाणे सर्वांच्या मालकीचे नाही. ते एका कुळाचे. जुन्या भांडणाच्या समेटात ते अँजेला सिडनीच्या देशीतान कुळाकडे आले होते, आणि आपणांस ते गाण्याचा अधिकार आहे ह्याची खातरजमा तिने जाणत्या माणसांकडून करून घेतली होती. १९८८ मध्ये व्हाइटहॉर्स येथे युकॉन महाविद्यालयाच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन झाले तेव्हाही तिने तीच कथा सांगितली; तरुणांना आता शिक्षणासाठी घर सोडून दूर जावे लागणार नाही, असा तिचा त्यामागचा भाव होता.

एकाच युद्धाच्या काळात एकाच रस्त्याच्या आसपास घरच्या दिशेच्या ह्या दोन खुणा उभ्या राहिल्या : एका सैनिकाची पाटी व एका मातेची काठीची कथा. पाटी प्रत्येक प्रवासवर्णनात आहे. काठीची कथा मानववंशशास्त्राच्या कपाटात आहे. दोहोंतील वाङ्मयीन तोल पाहू गेल्यास निवाडा करणे अवघड नाही. कथेत दिशा शोधण्याचे कष्ट आहेत, काळाचे भान आहे, आणि ती कोणास, केव्हा व कोणत्या अधिकाराने सांगावयाची ह्याचा विवेक आहे. पाटीत नुसती आठवण आहे. तीही खरी, परंतु अल्पाक्षरी. तरीही ‘उत्तरेचे वाङ्मय’ म्हणून जे गोळा होते त्यात ह्या कथेला उशिरा व परिशिष्टासारखी जागा मिळाली, ह्याचा दोष मी वाङ्मय म्हणजे लिहिलेले तेवढेच, ह्या समीक्षेच्या जुन्या सवयीला देतो. भारतात, जेथे शेकडो भाषांचे वाङ्मय अद्याप मुखानेच जगत आहे, ही सवय अधिकच महागात पडते.

व्हाइटहॉर्सच्या पश्चिमेला क्लुआनीचा डोंगराळ मुलूख लागतो. कॅनडातील सर्वोच्च शिखर लोगन (५,९५९ मीटर) ह्याच पर्वतराजीत आहे. अरण्याची कल्पना येथे कायद्यानेच साकार झाली. रस्त्याच्या कामावर आलेल्या लोकांच्या शिकारीने वन्य पशूंचा नाश होईल, ह्या भीतीने १९४३ मध्ये येथे अभयारण्य करण्यात आले. आणि बंदी लागू झाली ती पिढ्यानुपिढ्या तेथे शिकार करणाऱ्या दक्षिण टुचोनी कुटुंबांनाही. अपराध आगंतुकाचा, शिक्षा यजमानाला! १९७० च्या दशकात तेथे राष्ट्रीय उद्यान झाले व १९७९ मध्ये जागतिक वारसास्थळ. ज्या निर्मनुष्यतेचे प्रवासी कौतुक करतात, तिचे वय त्या वेळी चार दशकेही नव्हते. १९९३ मध्ये शँपेन व अ‍ॅशिहिक आणि २००३ मध्ये क्लुआनी ह्या जमातींशी अंतिम करार झाले, तेव्हा त्यांचे हक्क मान्य झाले.

येथेच क्लुआनी सरोवराला मिळणारी एक नदी रस्ता ओलांडते. १९०३ मध्ये सोने शोधणाऱ्यांचा स्लिम नावाचा घोडा तिच्यात बुडाला आणि नकाशावर ती ‘स्लिम्स रिव्हर’ झाली. आता तिचे मूळचे दक्षिण टुचोनी नाव, आआय चू, पुन्हा रूढ झाले आहे. परंतु नाव परत आले आणि पाणी गेले. २०१६ च्या वसंतात कास्कावुल्श हिमनदी इतकी मागे हटली की, तिचे वितळलेले पाणी ह्या खोऱ्यात न येता दुसऱ्याच नदीत वळले. काही दिवसांत आआय चूचे पात्र आटले, सरोवराची पातळी खाली गेली आणि उघड्या पडलेल्या गाळाची धूळ रस्त्यावर उडू लागली. एरवी हजारो वर्षांनी घडणाऱ्या ह्या घटनेचे कारण संशोधकांनी तापत्या हवामानात शोधले आहे.

अलास्कात शिरल्यावर रस्ता सौम्य होत जातो. डेल्टा जंक्शनच्या थोडे अलीकडे गर्सल नदीवर एक लांब लोखंडी पूल आहे. १९९३ मध्ये अलास्काच्या विधिमंडळाने त्यास कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ नाव दिले, आणि २०१७ मध्ये त्यांच्या कामगिरीचा एक दिवस पाळावयाचे ठरविले. पुलावरची पाटी लहान आहे व गाड्या तेथे क्वचितच थांबतात. त्या थांबतात पुढे डेल्टा जंक्शनला, मार्गाच्या अखेरच्या खांबापाशी. तेथे रस्ता पुरा केल्याचे प्रमाणपत्र विकत मिळते, आणि शेजारी डासांचे अवाढव्य पुतळे उभे केलेले आहेत. १९४२ च्या उन्हाळ्यात रस्ता बांधणाऱ्या सर्व पलटणींना, काळ्या व गोऱ्या, सारखेच चावलेले ते तेवढेच.